ताईची किडनी, माझी हाडं

“माझ्या किडनीला नावं ठेवायची नाय हां डॉक्टर,” ताई पेणच्या दवाखान्यात ओरडत होती. तो आवाज वडखळच्या नाक्यापर्यंत गेला आणि तिथली एसटी आपणहून थांबली, असं मी अजून सांगतो.

ताई माझी थोरली बहीण, राहते रोह्याला. किडनी तिनेच मला दिली. तेव्हापासून दर रविवारी येऊन ती माझ्या पोटाकडे बघत किडनीची खुशाली विचारते, माझी नाही.

यंदा कारखान्यात गणपती रंगवून उठताना माझी कंबर अशी कडाडली, की दोनशे मूर्तींनी माना वळवल्या. डॉक्टरांनी रक्त तपासलं, हाडांचा स्कॅन काढला आणि म्हणाले, “प्रत्यारोपणानंतर हाडं ठिसूळ झालीत.” झालं, ताई उसळली.

डॉक्टरांनी तिला शांतपणे समजावलं. किडनी ठणठणीत आहे. हाडं आधीच्या किडनीच्या आजारानेच पोखरली होती, त्यात नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून दिलेल्या स्टिरॉइडने भर घातली. आता तो डोस जपून कमी करू, ड जीवनसत्त्व देऊ, मग हाडांसाठी इंजेक्शन. मूर्ती मात्र उचलायच्या नाहीत.

ताई मटकन खाली बसली. “म्हंजे मी दिलेलं खराब नव्हतं ना?” तिने एवढ्या हळू विचारलं, की मला ती दुसरीच कोणी बाई वाटली.

“मुळीच नाही,” डॉक्टर म्हणाले.

तिने पदराने डोळे पुसले.

बाहेर आल्यावर मी विचारलं, “ताई, माझ्या हाडांचं काय गो आता?”

“ती तुझी हायत. तू बघ,” ती म्हणाली.