आकांताखालचं नाव

गोबनेट ओ'शेचा धंदा रडण्याचा होता, आणि आयर्लंडमधल्या केरीच्या त्या किनाऱ्यावर तिला रडायला बोलावणं हा मान समजला जाई. मेलेल्याच्या उशाशी बसायचं, तो ऐकतोय असं धरून त्याच्याशी बोलायचं, त्याच्या गायी, त्याचा राग, त्याचं दातृत्व काढायचं, मग बापाचं नाव, आज्याचं नाव घेत कुळाच्या मुळाशी पोचायचं. मधे मधे बाकीच्या बाया सूर धरत. आईनं तिला हे शिकवलं, आईला आजीनं. पाद्रीबाबा दर वर्षी देवळात या प्रकाराला रानटी म्हणत. त्यांची स्वतःची आई गेली तेव्हा त्यांनी कोणाकडे माणूस धाडला, हे मात्र पंचक्रोशीला ठाऊक होतं.

स्वतःचा नवरा समुद्रात गेला तेव्हा गोबनेटच्या तोंडून एक ओळ फुटली नाही. प्रेत मिळालंच नाही, आणि प्रेत नाही तर बोलायचं कोणाशी? तेव्हापासून तिला एका जागी बसवेनासं झालं. चुलीवर बटाटे ठेवले की ती दाराशी जायची, दाराशी गेली की बटाटे आठवायचे.

त्या वसंतात मुरिश ओ'मेर्नीनं अंथरूण धरलं आणि तिच्या पायाला भिंगरीच लागली. ओ'मेर्नी म्हणजे एके काळी त्या खोऱ्याचे धनी. त्यांच्या गढीचे दगड आता लोकांच्या गोठ्यांना लागले होते. मुरिश खंडानं घेतलेल्या तुकड्यावर दोन गायी पाळून होता, तरी तो रस्त्यानं निघाला की म्हातारी माणसं टोपी काढत. त्याला मूलबाळ नव्हतं. तो गेला की त्या घराण्याची नावं घ्यायला पुन्हा कारण उरणार नव्हतं. म्हणजे या वेळी चुकलं तर कायमचं चुकलं.

आणि नावांत खोट होती. मुरिश डोनलचा, डोनल कॉर्मकचा, आणि कॉर्मकनंतर एकदम 'आर्टच्या रक्ताचा'. आर्टचा मुलगा की नातू, ते नाही. नेमक्या त्या जागी लांबलचक आकांत. आई शिकवताना म्हणायची, "इथं सूर दाराबाहेरून आल्यासारखा काढ." का, ते सांगितलं नाही. ऐकणारे समजत की दुःख शिगेला पोचलं. गोबनेटही आयुष्यभर तेच समजली. आता मात्र ती जागा दातात अडकलेल्या काडीसारखी जिभेला सारखी लागत होती.

विहिरीच्या वाटेवर ती तेच पुटपुटत होती, तेवढ्यात पेगनं गाठलं. ही पेग तिच्यामागे सूर धरणाऱ्या बायांची म्होरकी.

"अगं ए, जीव जायच्या आधी रडतेस? आत्मा ओढून न्यायला सैतानाची कुत्री बोलावशील त्याच्या दारात!"

"रडत नाहीये. आठवतेय."

"काय आठवायचंय त्यात? झोपेतसुद्धा म्हणशील तू."

"कॉर्मकच्या बापाचं नाव काय गं, पेग?"

पेगनं बादली खाली ठेवली. "मला माहीत नाही," ती म्हणाली, आणि ते इतक्या घाईनं म्हणाली की माहीत असल्याचं कळलंच. "आणि हे बघ. ते नाव घेतलंस, तर पुढच्या मयताला तुला कोण बोलावेल? नसती उठाठेव करू नकोस."

आता विचारायला एकच माणूस उरला होता, आणि तो मरायला टेकला होता. मरणाऱ्याच्या दारात रडणारीण जाते ती तो गेल्यावर. आधी जाणं म्हणजे 'तुमचं आटपलं' असं तोंडावर सांगणं. गोबनेट दोनदा त्याच्या कुंपणापर्यंत जाऊन परतली. तिसऱ्या खेपेला स्वतःलाच शिवी देऊन आत शिरली.

"धनी, कसं वाटतंय?"

"मरतोय गं. तुला काय वाटलं, आळस देतोय?"

"मग बरं झालं," तिच्या तोंडून निसटलं.

मुरिश खोकला येईपर्यंत हसला. "सगळे येतात नि म्हणतात रंग सुधारलाय. गाय विकायला काढल्यावर तिलाही असंच म्हणतात. बस. काय हवंय?"

तिला बसवेना. उभ्याउभ्याच तिनं विचारलं. मुरिशनं चुलीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाला, "फिनीन."

"ऐकलं नाही कधी."

"ऐकशील कशी? आपला पंथ सोडून इंग्रजांच्या देवळात गेला तो. तेव्हा कायदाच तसा होता. देऊळ बदल, नाहीतर जमीन सोड. त्यानं देऊळ बदललं. पण तो होता तोवर या खोऱ्यातलं एक घर उठलं नाही. तुझंही नाही, पेगच्या सासरचंही नाही. मग त्याचा मुलगा, आमचा कॉर्मक, जुन्या धर्मात परतला आणि जमीन गेली. कॉर्मकची गाणी झाली."

"आणि फिनीन मेला तेव्हा?"

"तुझ्या पणजीला निरोप धाडला होता. ती फाटकापर्यंत आली. गावानं तिला बजावलं होतं, आत गेलीस तर पुन्हा कोणी बोलावणार नाही. फाटकाशी उभी राहिली बराच वेळ, आणि परत गेली. मुकाट पुरलं त्याला."

गोबनेट मटकन खाली बसली. दाराबाहेरून आल्यासारखा सूर. तो आकांत कोणी रचला, ते तिला आता कळलं. ज्यांची घरं त्यानं राखली, तेच खाल्ल्या घरचे वासे मोजत बसले, आणि एक भित्री बाई फाटकावरून घरी जाऊन एकटी रडली.

"धनी, नाव घेऊ?"

"मला काय विचारतेस? मी ऐकायला थोडाच असणार." मग हळू म्हणाला, "माझ्या बापाच्या वेळी तुझी आई त्या जागी रडली, तेव्हा मी मान खाली घातली होती. त्याची लाज वाटली म्हणून. आता त्या लाजेचीच लाज वाटते."

चार दिवसांनी तो गेला. दुपारी घर माणसांनी भरलं. मातीच्या चिलमी आणि तंबाखू फिरली, व्हिस्की फिरली. गोबनेट उशाशी बसली. मुरिशच्या गायी झाल्या, त्याच्या जिभेची धार झाली, लोक डोळे पुसतापुसता हसले. मुरिश डोनलचा. डोनल कॉर्मकचा. पेगनं सवयीनं छाती भरून घेतली आणि बायांनी आकांत सुरू केला.

गोबनेटनं हात वर केला. "थांबा."

सूर विस्कटला.

"कॉर्मक फिनीनचा मुलगा," ती म्हणाली. "फिनीन आर्टचा मुलगा."

दाराजवळच्या एका माणसानं टोपी घातली आणि तो बाहेर पडला. त्याच्यामागून आणखी काही. गोबनेटला भीती वाटत होती, भरपूर वाटत होती. तिनं मुरिशच्या चेहऱ्यावरून नजर काढून दाराकडे पाहिलं आणि रीतीप्रमाणे मेलेल्याशी बोलली, पण पणजी होऊन.

"फिनीन, तुझ्या फाटकाशी मी उभी होते रे. मला बोलावलं होतंस आणि मी आले नाही. बघ, आज आत आले."

मग तिनं सूर काढला. एकटीनं. पेग ओठ मिटून बसली होती.

हिवाळ्यात पेगची सासू गेली. गोबनेटला बोलावणं आलं नाही. ती घरात येरझाऱ्या घालत राहिली, मग तिनं शाल घेतली आणि निघाली. पेगच्या फाटकाशी क्षणभरही न थांबता ती सरळ आत गेली. पेगनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं, आणि सरकून उशाशी जागा केली.