पिक्चरमधली मोठी बहीण

मंडळी, आज फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर कंपनीतल्या आम्ही चौघी चिंचवडला पिक्चर बघायला गेलो. हलाखीत वाढलेली पाच पोरं आणि त्यांची पाच स्वप्नं. ओढण्या ओल्या करूनच बाहेर पडलो.

पार्किंगमध्ये आमची संगीता म्हणाली, "त्या बॉक्सर पोरीचं भलं झालं गं. पण तिच्यासाठी शाळा सोडणारी ताई दोन सीननंतर गेली कुठं?"

मला गाडी सुरूच करवेना. माझ्यासाठी आमच्या आक्कानं सातवीत शाळा सोडली होती. ती राजगुरुनगरजवळ गावी असते. पार्किंगमधूनच तिला फोन लावला.

"आक्का, तुला लहानपणी काय व्हायचं होतं गं?"

वाटलं, हसून विषय बदलेल.

"कंडक्टर!" ती लगेच म्हणाली. "पडवीत दोरी बांधून डबल बेल द्यायची मी. आठवत न्हाई व्हय? तूच तर पॅशिंजर असायचीस."

घरी आल्यापासून नुसत्या येरझाऱ्या घालतेय. उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं, आणि विचारायला मला पिक्चर बघावा लागला!

तुमच्या घरात असं कुणाला विचारायचं राहिलंय?