आत्याचा हात दुखला त्या दिवशी

माझ्या आत्याला कुणी ‘बिचारी’ म्हटलं की माझं डोकंच फिरतं. बिचारी कसली! अकरा वर्षं तिनं एक राग जपला, रोज खाऊपिऊ घालून धडधाकट ठेवला, आणि वेळ आल्यावर बरोबर जागी नेऊन उभा केला. मी धक्क्यावर तिकीट खिडकीत बसते, सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. ऐकीव काही सांगत नाही.

धक्क्यावर तिला सगळे बाटलीबाई म्हणायचे. तिचं काम एकच, बोटींच्या डिझेलमधलं पाणी काढणं. इंजिनाच्या आधी एक फिल्टर असतो. त्याच्या खाली काचेची वाटी आणि वाटीला बोटभर नळ. पाणी जड, ते वाटीत तळाला बसतं. नळ उघडायचा, खाली बाटली धरायची आणि निखळ डिझेल येईपर्यंत सोडत राहायचं. एवढंच काम, पण ते करताना आत्याची जीभ जी सुटायची! “टाकीच्या झाकणाचं रबर चिरलंय, दिसत नाही का? डेक धुतोस ते पाणी सरळ आत जातंय की!” नाहीतर, “अर्धी टाकी ठेवून घरी गेलास? रिकाम्या भागात आतून घाम सुटतो तिला. जाताना भरून ठेवत जा, मेल्या!” चांगले चाळिशीचे बाप्ये तिच्यापुढे मूग गिळून उभे राहायचे.

हे काम मुळात तिचं नव्हतं. ती घरी शिवणकाम करायची, आणि आतोबांची मासेमारीची छोटी बोट होती. एका सकाळी ती डबा द्यायला धक्क्यावर गेली, तेव्हा आतोबा वाटी रिकामी करत होते. बाटली आत्यानंच धरली. मग आतोबांनी पंपावर डिझेल भरलं आणि एकटेच निघाले. तेव्हा सगळ्यांची तीच पद्धत होती, आधी वाटी रिकामी करायची, मग डिझेल भरायचं. बंदराच्या तोंडाशी इंजिन बंद पडलं, बोट खडकांवर गेली आणि आतोबा परत आलेच नाहीत.

बोट ओढून आणली तेव्हा वाटी पाण्यानं काठोकाठ भरलेली होती. चौकशीत पंपवाला छातीवर हात ठेवून म्हणाला, “माझं डिझेल चोख आहे. माणूसच आळशी हो, वाटीकडे बघायचाच नाही. दहादा सांगितलं असेल मी.” बंदराच्या साहेबांनी लिहून टाकलं, ‘चालकाचा हलगर्जीपणा’. आत्या जिवाच्या आकांतानं सांगत होती, “अहो, बाटली मी धरली होती!” बायको नवऱ्याच्याच बाजूनं बोलणार, असं म्हणून तिला बाहेर बसवलं. माणूस तर गेलाच होता, पण त्या दोन शब्दांनी ती जास्त रडली. मग डोळे पुसले आणि धक्क्यावरच्या मेकॅनिककडे जाऊन म्हणाली, “मला फिल्टर शिकवा.”

तिनं पद्धतच उलटी केली. आधी डिझेल भरा, अर्धा तास थांबा, पाणी खाली बसू द्या आणि मग वाटी रिकामी करा. दोन वर्षांत तिला कळून चुकलं. पंपाची टाकी जमिनीखाली, समुद्राला लागून होती. मोठी भरती आली की तिच्या झाकणातून पाणी आत शिरायचं. भरतीनंतर सकाळी लेप लावलेली पट्टी टाकीत बुडवायची, पाण्यानं लेप लाल झाला तर तळाचं पाणी उपसल्याशिवाय थेंबभर विकायचं नाही, हा साधा नियम. पंपवाला पट्टी भिंतीला टांगून खुर्चीत बसायचा. आत्यानं तक्रारी केल्या, तर हा हात वर करून मोकळा. “तुमच्या बोटीच गळक्या, त्याला मी काय करू?”

एकदा जेवताना आत्या घास हातात धरून तशीच बसली. म्हणाली, “मी पाणी काढते म्हणून बोटी बंद पडत नाहीत. बोटी बंद पडत नाहीत म्हणून तो साव. त्याचं पाप मीच निस्तरतेय गं!” त्या दिवशी ती जेवलीच नाही.

मग पंपवाल्याच्या मुलानं नवी बोट घेतली. तिच्या पहिल्या फेरीच्या आदल्या दिवशी मोठी भरती होऊन गेली होती. सकाळच्या पहिल्याच बोटीची बाटली अर्धी पाण्यानं भरली, आत्यानं ती मला खिडकीतून दाखवली. तेवढ्यात मुलगा आला. बापाच्या पंपावर टाकी गच्च भरून त्यानं बायको आणि चिमुकली लेक बोटीत बसवली. आत्या नेहमीसारखी खाली इंजिनापाशी गेली, लगेच वर आली, धक्क्यावर बसली आणि बाटली पालथी ठेवली.

“बाटलीबाई, वाटीतलं पाणी नाही काढलं?” मुलानं विचारलं.

“आज हात दुखतोय माझा.”

“राहू द्या. बाबांचंच तर डिझेल आहे,” असं म्हणून तो हसत दोर सोडायला गेला.

समोर पंपवाला खुर्चीत बसून नातीला हात हलवत होता. त्याला पालथी बाटली दिसली. मग आत्याचे मांडीवरचे हात दिसले. आणि तो उठला. ते एवढं अवजड धूड कधी पळताना मी पाहिलं नव्हतं. चप्पल वाटेत राहिली, तरी तो ओरडतच होता, “थांब! चालू करू नको! पाणी आहे त्यात!”

बंदराचे साहेब माझ्या खिडकीपाशीच उभे होते.

मुलगा म्हणाला, “बाबा, डिझेल तुमचंच आहे.”

आत्या बसल्या जागेवरूनच बोलली, “वाटी अजून कुणी पाहिलीसुद्धा नाही. तुला कसं रे कळलं?”

“भरती... झाकणातून येतं... अगं, नात आहे माझी त्यात! काढ ना ते पाणी!”

“आणि अकरा वर्षांपूर्वी?”

तो खालीच बसला. “तेव्हाही भरती होऊन गेली होती. मला ठाऊक होतं. त्याची काही चूक नव्हती.”

“मोठ्यानं बोल. साहेबांना ऐकू गेलं पाहिजे.”

तो मोठ्यानं बोलला. सगळ्यांनी ऐकलं.

आत्या उठली. मला म्हणाली, “चल, बाटली धर.” आम्ही दोघी इंजिनापाशी उतरलो. तिनं कमरेच्या पिशवीतून एक पितळी दांडी काढली आणि टाकीतून इंजिनाकडे डिझेल सोडणाऱ्या मुख्य नळावर बसवली. मी बघतच राहिले. नळ तिनं मघाशीच बंद करून त्याची दांडी काढून घेतली होती. नळीत उरलेल्या डिझेलवर इंजिन मिनिटभर घुरघुरून दोर सुटायच्या आतच बंद पडलं असतं. मी तोंड उघडलं तशी तिनं माझं मनगट आवळलं. “वर एक शब्द बोललीस तर बघ.” मग तिनं मुख्य नळ उघडला आणि वाटीतून पाणी काढलं. पाच बाटल्या भरल्या.

वर आलो तेव्हा पंपवाला नातीला छातीशी धरून बसला होता. त्यानं विचारलं, “खरं सांग, जाऊ दिलं असतंस त्यांना?”

आत्यानं हात पुसले, बाटली उचलली आणि ती पुढच्या बोटीकडे निघाली.

साहेबांनी ते दोन शब्द खोडून खाली नवीन लिहिलं, पंप दुसऱ्याकडे गेला. पण पंपवाला पुढची सहा वर्षं दर महिन्याला आत्याच्या दारात यायचा आणि तोच प्रश्न विचारायचा. आत्या दार उघडायची, पूर्ण ऐकून घ्यायची आणि कडी लावायची. मागच्या महिन्यात तो गेला. म्हणून आज सांगतेय.