शेजाऱ्यांची बोटं

धायरीतल्या आमच्या शेजाऱ्यांची मुलगी सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी अमेरिकेला निघाली, तेव्हा अभिनंदन करायला मी नेमका त्यांच्या उजव्या, रिकाम्या बाहीपुढे हात केला. त्यांचा तो हात कारखान्यातल्या प्रेस मशीनमध्ये गेलेला.

"असू द्या, पोचलं," ते म्हणाले.

नसलेली बोटं आज आखडलीत, आज खाजताहेत, असं ते हवापाणी सांगावं तसं सांगत. मेंदूत हाताची आणि चेहऱ्याची जागा शेजारीशेजारी असते म्हणे. त्यांच्या उजव्या गालाला कुणी स्पर्श केला, की तो त्यांना बोटांत कळे.

मुंबई विमानतळाची टॅक्सी आली. मुलीने त्यांच्या गालावर तळवा टेकवला. त्यांनी डोळे मिटले.

"घट्ट धर गं. सोडू नकोस एवढ्यात."



टॅक्सी गेल्यावर बायको हळूच म्हणाली, "आता त्यांची बोटं कोण धरणार हो?"