साडूची कंबरदुखीची पावडर

माझी कंबर गेली कित्येक वर्षं दुखतेय. वाकून बुटाची नाडी बांधायची तर आधी भिंत धरावी लागते. कोपरीत राहणाऱ्या माझ्या साडूने कंबरदुखीवरची पावडर विकायला घेतली, तेव्हा त्याला पहिला मीच आठवलो. याआधी हा गृहस्थ चुंबकाच्या गाद्या विकायचा. माल बदलला, थापा त्याच.

एका रविवारी बाळकुमला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये त्याने ‘चाचणी’ ठेवली. कंबर धरून बसलेली पंधरा-वीस माणसं जमली. त्याने मला पुढे बोलावलं.

“भाऊ, हात आडवा धरा.”

त्याने मनगटावर दाब दिला, हात खाली गेला. मग दुसऱ्या हातात पावडरीचा डबा देऊन पुन्हा दाबलं. हात ढिम्म हलला नाही. टाळ्या! या खेपेला त्याने मनगट सोडून कोपराजवळ, जिथे जोर कमी पडतो, दाबलं होतं, हे त्या शहाण्यांपैकी कुणालाच दिसलं नाही.

“पुन्हा करू,” मी म्हणालो. “पण डबा कुठल्या पिशवीत आहे ते तुम्हाला कळता कामा नये. आणि मनगटावरच दाबायचं.”

बायकोने घरी जाऊन दोन सारख्या पिशव्या भरून आणल्या. एकीत त्याचा डबा, दुसरीत बेसनाचा. पहिल्या पिशवीला साडूने जोर लावून हात पाडला. दुसरीला नुसती बोटं टेकवली.

“हीच आपली पावडर!” तो ओरडला.

पिशवी उघडली. बेसन.

“पावडरीची शक्ती शेजारच्या वस्तूत उतरते,” तो म्हणाला. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

मला वाटलं, लोक आता त्याला हाकलून देतील. पण चौथ्या मजल्यावरच्या काकू माझ्यावरच उखडल्या. “तुम्हाला बरंच व्हायचं नाहीये. उगाच त्यांना छळताय!” त्यांनी दोन डबे घेतले. बाकीचेही रांगेत उभे राहिले. बहिणीचा नवरा म्हणून बायकोनेही एक घेतला.

तो डबा मी संपवला, कुणी ‘घेऊन तर बघायचं’ म्हणू नये म्हणून. चव खडूची, कंबर होती तशीच. साडूला फोन करून सांगितलं.

“म्हणजे आतली घाण सुटतेय, भाऊ. अजून एक डबा लागेल.”

मी फोन ठेवला.

हल्ली खोपटला एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे जातो. त्या कसलंही वचन देत नाहीत, घाम निघेपर्यंत व्यायाम करून घेतात. कंबर जरा सैल झालीय. साडू नातेवाइकांत सांगत फिरतो, की पावडर उशिरा लागू पडली. बायको म्हणते, “अहो, एकदा त्याला सुनवा तरी.”

सुनवायलाही माणूस त्या लायकीचा लागतो.