सातवीचा पट

मी सहावीत होते. अक्कलकोट रस्त्याच्या आत आमचं गाव, ओढ्यापलीकडे दुसरं. दोन्हीकडे सातवीपर्यंत सरकारी शाळा. त्या वर्षी तपासणीचे साहेब सांगून गेले, की जूनपासून सातवी एकाच गावात राहील. दोन्ही शाळांचे निकाल शेजारी ठेवून कुठे ते ठरेल.

वडिलांनी त्याच संध्याकाळी बजावलं, "सातवी हितं ऱ्हायली तर शीक. वढ्यापलीकडं एकटी पोर धाडायचो न्हाय मी."

माझ्या वर्गात मुलगी मी एकटीच. म्हणजे माझं शिक्षण आता सातवीतल्या मुलांच्या मार्कांवर होतं. बाजारात पलीकडचे लोक विचारायचे, "तुमची पोरं पेपर लिवत्यात का नुसती शाई सांडत्यात?"

हेडमास्तरांनी तोड काढली. तेव्हा ती बऱ्याच शाळांत चालायची. सातवीतल्या कच्च्या मुलांची नावंच पटावरून कमी करायची, म्हणजे नापास कोणी उरत नाही. त्या कच्च्यांत शेळ्या-मेंढरं राखणाऱ्या घरातली एक मुलगी होती. तिला निरोप द्यायला मला पाठवलं. मी गेले. फार वाईट वाटलं असं नाही. तिचं गणित कच्चं होतं आणि मला सातवी हवी होती.

"गुरुजी म्हनले, परीक्षेला येऊ नगं."

ती शेळीची धार काढत होती. "मराठीत पास व्हते की मी," एवढंच म्हणाली.

तिची आई म्हणाली, "बरं झालं. शेरडांमागं मानूस न्हवतंच."

निकाल लागला. आमचे बसले तेवढे सगळे पास, पलीकडचे तिघे नापास. हेडमास्तरांनी नारळ फोडला. साहेब आले, निकाल पाहून मान डोलावली आणि हजेरीपट मागितला. त्यांचं बोट नावांवरून खाली सरकलं आणि फार लवकर थांबलं.

"सातच?"

"पण सगळे पास, साहेब."

"गेल्या वर्षी सहावीला हीच मुलं याच्या दुप्पट होती. तुमच्याकडं मुलं टिकतच नाहीत, गुरुजी. तिकडं नापास झाली, पण बसली तरी."

सातवी ओढ्यापलीकडे गेली.

वडील 'एकटी' म्हणाले होते, तेवढं मी धरून ठेवलं. सोबत हवी होती, आणि सातवी राहिलेली मुलगी गावात एकच होती. पुन्हा त्याच दारात जाऊन उभी राहिले.

"आता तुजं काम हाय म्हनून आलीस की," ती म्हणाली.

"व्हय."

"गनित रोज तू शिकवायचं. आन् आईला तूच इचारायचं."

आई आतून ऐकतच होती. "शेरडं कोन बघंल? तुजा बाप?"

मी घरी येऊन वडिलांना तेच विचारलं. आमच्या चार म्हशी ते रोज माळावर न्यायचेच. ते दाव्याला पीळ देत होते. पीळ आवळून म्हणाले, "किती शेरडं हायत त्यांची?"