जान-लुईझचं तोंड

ब्रेतान्यच्या किनाऱ्यावर, केर्वेनो बंदरात, गुल्वेन कादियू चाळीस वर्षं फक्त बोटी रंगवत आला. माणसं त्याला जमत नसत आणि कुणी मागतही नसे. आइसलँडकडे मासळीला जाणारे खलाशी चित्रातले दोर मोजून घेत. एखादा चुकला की तोंडावर सांगत, "कादियू, असल्या बोटीतून तुझ्या सासूला पाठव." तो हसून दोर दुरुस्त करी.

टेकडीवरच्या चॅपेलच्या दोन भिंती त्याच्याच चित्रांनी भरल्या होत्या. वादळातून वाचून आलेली बोट डावीकडे, बंदराकडे तोंड करून. न आलेली उजवीकडे, खुल्या समुद्राकडे तोंड करून. उजवीकडचं चित्र टांगताना पाद्री एकेक नाव घेई, घरातला वडीलधारा "गेला" म्हणे, आणि त्या दिवसापासून बायको विधवा. तोवर ती कुणीच नाही.

जान-लुईझ ही बोट परत आली नाही तेव्हा नऊ घरांनी वाट पाहिली. बोटीवर गुल्वेनचा एकुलता एक मुलगा ब्युदोकही होता. नाताळात आठ घरांची माणसं चित्र मागायला आली. गुल्वेन म्हणाला, "करतो." दोन हिवाळे गेले. कधी रंग वाळला नाही, कधी कापड ओलं. लोकांना कळत होतं, पण मुलगा गमावलेल्या बापाला घाई कोण करणार?

घाई होती ती सुनेला. नाईग सव्वीस वर्षांची. दोरखंड वळणारा मेरियादेक तिला मागणी घालून बसला होता. भला माणूस होता, पण ईस्टरनंतर त्याला नांत शहरात काम लागणार होतं आणि चित्राशिवाय पाद्री लग्न लावणार नव्हता. एका रविवारी तिने काळ्या गव्हाचे घावन सासऱ्यापुढे ठेवले आणि सरळच विचारलं.

"बाबा, चित्र कुठवर आलंय?"

"पुढच्या शिडाचं ठिगळ आठवत नाही गं."

"मी शिवलंय ते. या, दाखवते."

ती कामाच्या खोलीत शिरली आणि त्याने अडवायच्या आत चित्रावरचं कापड ओढलं. ठिगळ जिथल्या तिथे होतं. चित्र केव्हाच पुरं झालं होतं. फक्त जान-लुईझचं तोंड बंदराकडे होतं.

म्हातारा खाली मान घालून ब्रश पुसत होता. ब्रश कोरडाच होता.

"हे डाव्या भिंतीचं आहे, बाबा."

"मला ठाऊक आहे."

"मग तोंड फिरवा."

"हात वळत नाही."

"माझंही मन वळत नव्हतं," ती म्हणाली. "पण मला उरलेलं आयुष्य दारात उभं राहून काढायचं नाही. तुम्हाला राग आला तर येऊ द्या."

त्याला राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी त्याने नवं कापड ताणलं आणि दोन वर्षं अडलेलं काम चार दिवसांत उरकलं.

टांगायच्या दिवशी चॅपेल भरलं. आठ नावं झाली, आठ घरांनी उत्तर दिलं. "ब्युदोक कादियू," पाद्री म्हणाला. गुल्वेन चित्रातल्या दोरांकडे बघत राहिला. पाद्र्याने पुन्हा नाव घेतलं. मागे कुणी खोकलं. नाईगने त्याच्या वतीने बोलून चालणार नव्हतं. ते धरलं गेलं नसतं. ती नुसती शेजारी उभी होती आणि मेरियादेक दाराशी टोपी चुरगाळत होता.

"गेला," म्हातारा म्हणाला. इतकं हळू, की पाद्र्याने तिसऱ्यांदा विचारलं आणि त्याला ते मोठ्याने म्हणावं लागलं.

नाईग मोकळी झाली. दोन वर्षांत ती एकदाही रडली नव्हती. आता सासऱ्याच्या कोटाची बाही धरून ती तिथेच खाली बसली आणि नवऱ्यासाठी रडायला लागली.